मित्रासाठी

"डॉक्टर, माझ्या एका मित्राचं विचारायचं होतं," वेल्डरने सुरुवात केली. मित्र रंगारी. शिडीवर चढला रे चढला की पोटात कळ यायची आणि गडी ब्रश टाकून धावत सुटायचा. शौचाला रक्त पडत होतं, वर्षभरात सदरा अंगावर लोंबायला लागला होता, तरी मूळव्याध समजून नुसतं मलम लावत बसला होता.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "इथे येणारा प्रत्येक जण मित्रासाठीच येतो, दादा. मूळव्याध असेल, आतड्याला सूज असेल, नाहीतर कॅन्सर. लवकर कळलं तर बराही होतो. तेव्हा आता लाज सोडा, पँट खाली करा आणि कुशीवर झोपा."

वेल्डरने तोंड उघडलं. मग एकदा बंद दाराकडे पाहिलं. त्याच्या मनात काय आलं देव जाणे, पण तो निमूटपणे कुशीवर झोपला.

"तुमचं तर सगळं ठणठणीत आहे!" हातमोजे काढत डॉक्टर म्हणाले.

"माझं असणारच," असं म्हणून पट्टा आवळत तो बाहेर आला.

बाहेरच्या बाकावर रंगारी घामाघूम होऊन बसला होता. "काय रे, काय करतात आत?"

वेल्डरने काहीही न गाळता सगळं सांगितलं.

"अरे देवा! लाजेने मेला कसा नाहीस तू?"

"दिसतोय का मेलेला? ऊठ, आता तू जा."