परीक्षेचं गाणं

तोच स्पीकर तिसऱ्यांदा टेबलावर आला, आणि या खेपेला नाचाच्या बाईंनी तो जरा आदळलाच.

"काका, अजून खरखरतोय. संध्याकाळी सहाला माझ्या पोरींचा कार्यक्रम आहे. जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरीकडे जाते."

या दुकानात 'जमत नसेल' असं कुणी म्हटल्याचं काकांच्या मुलीला आठवेना. ती बाबांचा डबा घेऊन आली होती आणि तिच्या खांद्यावर सहा महिन्यांचं बाळ नुकतंच झोपलं होतं. गल्लीत बाबांना कानसेन म्हणत. बिघडलेला रेडिओ दारातून आत येईपर्यंत त्याचं दुखणं ओळखणारा माणूस.

बाबांनी वायरी जोडल्या आणि आपलं नेहमीचं गाणं लावलं. बासरी, आणि एका बाईचा कोवळा आवाज. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतलं. चाळीस वर्षांत या टेबलावरून उठलेला प्रत्येक स्पीकर या एकाच गाण्याची परीक्षा देऊन उठला होता. डोळे मिटून ते शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत राहिले.

"चोख," ते म्हणाले. "कुठे खरखरतोय?"

बाईंनी मुलीकडे पाहिलं. 'वय झालं हो यांचं,' असं त्या नजरेत स्वच्छ लिहिलेलं होतं. गेल्या महिन्यात बाळ गळा काढून रडत होतं आणि शेजारच्या खोलीत बाबा खुशाल पेपर वाचत बसले होते. तेव्हापासून मुलीच्या मनात पाल चुकचुकत होती. कानच गेले तर बाबा करणार काय? दुकानाला कुलूप लावून घरात बसलेले बाबा तिला डोळ्यांसमोर आणताच येईनात.

"बाबा, त्यांचंच गाणं लावून बघू या ना."

"ते धपधप? गाद्या झोडपल्यासारखं? त्याला गाणं म्हणतात होय!"

"त्या गाद्यांवरच माझं पोट चाललंय, काका," बाई म्हणाल्या. "लावा."

बाईंनी फोन जोडला. पहिलाच ठोका असा आला की टेबलावरचे स्क्रू थरथरले. मुलीनं तळहातानं बाळाचा कान झाकला. ठोक्यांमागून एका पोरीचा आवाज, अर्धा बोलल्यासारखा, अर्धा गायल्यासारखा. आणि मग खर्रर्र. अगदी स्पष्ट. मुलीनं ऐकलं, बाईंनी ऐकलं. बाबांचा चेहरा दगडासारखा. मुलीनं मान खाली घातली.

"थांबवा," बाबा म्हणाले. "मागे घ्या."

बाईंनी मागे घेतलं.

"परत."

चौथ्या वेळी त्यांनी स्पीकरच्या कागदी पडद्यावर दोन बोटं टेकवली आणि मुलीला दिवा धरायला सांगितलं. पडद्याची कड एका जागी नखाएवढी सुटली होती. खोल ठोका बसला की तेवढाच तुकडा फडफडायचा. बासरीनं त्याला कधी हलवलंच नव्हतं.

"तुम्हाला ऐकू आलं?" मुलीच्या तोंडून निसटलं.

"मग! बहिरा समजलीस की काय? नातू रडतो तेव्हा उठत नाही, कारण तू उठतेसच." ते पडद्याकडेच बघत होते. "कान शाबूत आहेत माझे. गाणं अपुरं पडलं."

आईच्या स्वयंपाकाला त्यांनी नावं ठेवली असतील, पण त्या गाण्याला आजवर कुणाचा अर्धा शब्दही लागू दिला नव्हता.

"चूक माझी, बाई. दोन खेपा फुकट पडल्या तुम्हाला." त्यांनी कडेला सोल्युशन लावून ती बोटानं दाबली. "तासभर सुकायला लागेल. तोवर त्या दुसऱ्या स्पीकरवर लावा तुमचं ते."

"परत? आता कशाला?"

"मघाशी मी खरखर ऐकत होतो. गाणं राहिलंच ना ऐकायचं."

बाईंनी लावलं. बाबा स्टुलावर बसले, हात मांडीवर, डोळे उघडे. गाणं संपेपर्यंत डब्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"ही पोरगी ठोक्यावर येतच नाही बघा. मुद्दाम मागे रेंगाळते. आता हुकली, हुकली म्हणेपर्यंत बरोबर जागेवर येऊन बसते. कोण ही?"

"असेल विशीतली. स्वतःच लिहिते, स्वतःच गाते."

"विशीत ही हिंमत!" बाबा म्हणाले. "आणखी आहेत हिची?"

"तीन आहेत."

"मग तीनही लावा."

मुलीला फार वाटलं, बाईंना विचारावं, काय, जमलं का? पण तिनं जीभ आवरली आणि झोपलेल्या बाळाला उगाचच घट्ट धरलं.

पाच वाजता बाई स्पीकर घेऊन गेल्या, जाताना वाकून नमस्कार करून. बाबा दोन घास खाऊन उठले आणि दारात जाऊन त्यांनी समोरच्या सलूनवाल्याला हाक मारली. पंधरा दिवसांपूर्वी त्याचा स्पीकर इथून दुरुस्त होऊन गेला होता. तो खिशात कंगवा, काखेत स्पीकर अशा थाटात आला, पुरता गोंधळलेला.

"झकास वाजतोय की हो, कानसेन. मी कधी तक्रार केली?"

"तक्रार माझी आहे," बाबा म्हणाले. स्पीकर टेबलावर घेऊन त्यांनी मुलीच्या फोनकडे बोट केलं. तिनं ते गाणं केव्हाच शोधून ठेवलं होतं. "बस इथे. आणि मध्ये बोलू नकोस, ही पोरगी फार बारीक जागा घेते."