मोडीतलं मानपत्र

इंग्लंडातल्या एका लॉर्डच्या हवेलीतून आलेल्या पत्राला मोडीचे जाणकार वामनरावांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. 'मराठी गावकऱ्यांनी आमच्या पूर्वजांना दिलेलं हे मोडीतलं मानपत्र वाचून द्याल का?' सोबत फोटो होता. त्यांनी वाचलं ते भलतंच निघालं. पण एवढी बडी माणसं मानपत्र म्हणतात, तर आपलंच काही चुकलं असेल, म्हणून ते गप्प बसले.

आता इंग्लंडात लेकीकडे आले असताना ते त्याच हवेलीत उभे होते. भिंतीवर सोनेरी चौकटीत तो कागद होता, खाली पितळी घंटा. "हीसुद्धा गावाची प्रेमाची भेट," गाईडबाई कौतुकानं म्हणाल्या. "चहाच्या वेळी आम्ही हीच वाजवतो!"

वामनराव वाकले. घंटेवर कोरलं होतं : भैरोबा चरणी, मौजे हिवरखोरे. कागदातलंच गाव. वाचन चुकलं नव्हतं.

"मानपत्र कसलं डोंबलाचं!" ते लेकीच्या कानात पुटपुटले. "साहेबानं उचललेली देवाची घंटा पाटील परत मागतोय. आणि हे दिवटे त्याचा अर्ज फ्रेम करून मिरवतायत!"

"मग सांगा ना त्यांना, नाना."

"मी? नको बाई."

"दोनशे वर्षं त्यांनी उत्तर दिलं नाही, दोन वर्षं तुम्ही. चांगली जोडी जमलीय!"

नानांचे कान तापले. हवेलीच्याच दुकानातून त्यांनी पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं : 'हे मानपत्र नाही, अर्ज आहे. घंटा परत मागितली आहे. उत्तर तुम्ही द्यायचं आहे.' खाली पूर्ण सही केली आणि फाटकाबाहेरच्या लाल पेटीत कार्ड टाकून दिलं.