उचलन कोण?

आरोग्यसेविका दीपमाला दुचाकीस्वारांच्या गटासोबत लोणार सरोवराच्या पहिल्या सफरीसाठी नवी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल घेऊन चिखलीच्या चौकात आली. गटाचे म्होरके इंद्रभानभाऊ काळजीनं म्हणाले, "ताई, कालपर्यंत तुमी स्कूटी चालवत होत्या. हे दोनशे किलोचं धूड पडलं तर उचलन कोण?" "मीच," ती म्हणाली. त्यांनी स्वतःची तेवढीच जड गाडी हळूच आडवी केली. "मंग उचला. तरच संग या." सीटला पाठ लावून दीपमाला खाली बसली, हँडल आणि मागचा दांडा घट्ट धरून पायांनी जोर देत मागे रेटत राहिली. गाडी हलली आणि करकरत सरळ उभी राहिली. चौकात टाळ्या पडल्या. इंद्रभानभाऊंनी गाडी पुन्हा आडवी केली. "आता मले शिकवा," ते म्हणाले. "तीन गाड्या झाल्या माह्या, पण दरखेपेला उचलाले चार माणसं बोलवावे लागले."