भुलाबाईचे डोळे

संध्याकाळी खिरापत घेऊन देवघरात गेले, तर मातीच्या भुलाबाईचं तोंड भिंतीकडे. पोरी गाणी म्हणायला येतच होत्या. पाठमोऱ्या भुलाबाईपुढे त्या कशा गाणार? “दामिनी, हे काहून केलं वं?” मी दारात थांबलेल्या पुतणीला विचारलं. “मोठी आई, मोबाइलवर भुताचा पिच्चर पाह्यला. त्याच्यातल्या बाहुलीचे डोळे अस्सेच हायेत. मी नाही येत आत.” भुलाबाईचे डोळे तर तिनेच रंगवलेले. मला नवल वाटलं. “पिच्चरमधली बाहुली करते तरी काय?” “काहीच नाही. नुसती पाहून रायते.” “इतकंच? मी तं रोज उपासतापास करून देवाले हेच मांगते, एकदा माह्याकडं पाह्य म्हणून.” दामिनी विचारात पडली. “अन् त्यानं खरंच पाह्यलं, तं तुले भेव नाही लागन?” मी खिरापत खाली ठेवली. तिचा हात घट्ट धरला आणि दोघींनी भुलाबाईला आपल्याकडे वळवलं.