नवा गडी

स्वप्नालीनं घाईघाईनं कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, पण उशीर झाला होता. दारात कृष्णात उभे होते आणि शेवटची ओळ त्यांनी वाचली होती. आईलाही दाखवता येऊ नये अशी ती ओळ होती.

आता हे आपल्याला कॉम्प्युटर घरातनं काढायला लावणार, असं तिला वाटलं. पण ते हळू आवाजात म्हणाले, "कोण पोरं हैत ही?"

"ठाऊक न्हाय."

"कवापासनं चाललंय?"

तिनं उगाच माऊस सरकवला. तशी ती त्यांच्याशी फारशी बोलायचीच नाही. वडील गेल्यावर काही वर्षांनी आईनं कृष्णातांशी लग्न केलं आणि ते मंगळवार पेठेतल्या या दोन खोल्यांत राहायला आले. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर कामाला होते. स्वभावानं गरीब. नाव ठेवायला जागा नव्हती; पण त्यांना हाक कुठल्या नावानं मारायची, हे काही स्वप्नालीला उमगलं नव्हतं. जेवायला बोलवायचं असलं तर ती आईला सांगायची आणि आई त्यांना. कॉलेजात कुणी विचारलं तर म्हणायची, "आईचे मिस्टर."

कॉम्प्युटरवर ती जो ऑनलाइन खेळ खेळायची, त्यात मात्र हे कुणी विचारत नव्हतं. तिथं जंगल होतं, गढ्या होत्या, देशोदेशीची माणसं तलवारी घेऊन हिंडत होती. मराठी पोरांचा एक मोठा घोळकाही होता. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, रांगडी थट्टा करायची. स्वप्नालीनं पोराचं नाव घेतलं होतं आणि त्या घोळक्यात तिला मान होता, कारण जंगलातल्या वाटा तिच्याइतक्या कुणाला पाठ नव्हत्या. एकदा गडबडीत तिनं लिहिलं, 'थांबा, मी आले.' 'आलो' लिहायचं राहून गेलं. एका अक्षरानं घात केला.

त्या दिवसापासनं त्यातली काही पोरं तिच्या मागं लागली. जाईल तिथं गाठायची, घेरून मारायची आणि ती पडली की तिच्याभोवती उभी राहून घाण लिहायची. एकाला तिनं ब्लॉक केलं तर तो दुसरं नाव घेऊन आला. खेळवाल्यांकडं तक्रार केली, उत्तरच आलं नाही.

हे सगळं ती कृष्णातांना कधी सांगत गेली, तिचं तिलाच कळलं नाही. ते उंबऱ्यावर बसून ऐकत होते.

"मी खेळायचंच सोडते," शेवटी ती म्हणाली.

"तू का म्हणून सोडायचं?" ते म्हणाले. "मला शिकीव की."

तिनं शिकवलं. त्यांना तलवार काही जमली नाही, चालणं तेवढं जमलं. टोपण नाव घ्यायचं असतं हे तिनं सांगितलं, तरी त्यांनी एका बोटानं आपलं खरं नावच टाइप केलं. घरात कॉम्प्युटर एकच. म्हणून दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर ते कोपऱ्यावरच्या नेट कॅफेत जाऊन बसले.

इकडं स्वप्नाली घरी बसली होती. पडद्यावर झाडांना धडकत धडकत एक नवा गडी आला. अंगावर चिलखत नाही, काही नाही. 'मी कृष्णात. कुटं हैस?' तिला हसू आलं. तेवढ्यात ती पोरंही आली.

'हे कोण रेशनकार्डावरचं नाव लावून आलंय?' एकानं लिहिलं आणि एकाच घावात त्यांना आडवं केलं. त्या खेळात मेलेला माणूस पार गावातल्या विहिरीपाशी उठायचा. कृष्णात उठले. सगळी वाट तुडवून परत आले आणि स्वप्नालीच्या पुढ्यात उभे राहिले. पोरांनी पुन्हा मारलं. ते पुन्हा आले. तलवार उपसली नाही, शिवी दिली नाही, नुसते तिच्या आणि पोरांच्या मध्ये उभे राहिले.

हे रोजचंच झालं. घरी आल्यावर ते त्याबद्दल काही बोलत नसत. फक्त हात धुताना विचारायचे, "आज जरा बरं खेळलीस न्हवं?" आणि ती मान हलवायची. जो उलटून मारत नाही, चिडत नाही, त्याला मारण्यात पोरांना मजा येईना. एकेक करून ती पांगायला लागली. राहिला तो त्यांचा म्होरक्या.

एका संध्याकाळी त्यानं कृष्णातांना मारलं नाही. समोर उभा राहून त्यानं स्वप्नालीला लिहिलं, 'हा म्हातारा सारखा मधी का येतोय? कोण लागतो तुझा? बाप हाय काय?'

आसपास हिंडणारी माणसंही वाचायला थांबली. कोपऱ्यावरच्या कॅफेत बसून ते हे वाचत असणार, हे तिला ठाऊक होतं. मग कृष्णातांच्या एका बोटानं टाइप केलेली अक्षरं पडद्यावर आली.

'न्हाय हो. वळखीचा हाय नुसता.'

स्वप्नालीनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. पोरीला अवघडायला नको म्हणून माणूस स्वतःला किती लांब उभा करतो, ते तिला त्या एका ओळीत दिसलं. डोळे पुसायचंही तिला सुचलं नाही. तिनं कीबोर्ड जवळ ओढला आणि सगळ्यांना दिसेल असं लिहिलं,

'खोटं बोलतोय त्यो. बाप हाय माझा.'