निघाले हं

आमची लेक टॉवर क्रेन चालवायची. चाळिशीतच तिचा पगार दोन्ही इंजिनियर भावांच्या पुढे गेला, तेव्हा म्हणाली, "बाबा, तुमचं डोकं पुस्तकात, माझं ढगात. पैसा ढगातच आहे!" काम आटोपलं की ती क्रेनचं लांब टोक आमच्या खिडकीकडे वळवायची. म्हणजे, 'निघाले हं.'

गेल्या महिन्यात ती तापाने गेली. टोक मात्र अजूनही रोज संध्याकाळी आमच्याकडे वळतं. आज तिचं हेल्मेट द्यायला आलेल्या फोरमनला मी चाचरतच हे सांगितलं.

"मनाला लावून घेऊ नका, काका. सुट्टी झाली की आम्ही क्रेनचा ब्रेक मोकळा ठेवतो. वारा नेईल तिकडे टोक वळतं."

एवढं बोलून त्याने खिडकीबाहेर पाहिलं, आणि पाहतच राहिला.



दोरीवरचा एकही कपडा हलत नव्हता, आणि टोक हळूहळू आमच्याकडे वळत होतं.