शेवट फोडायचा नाही

"अरे, कप्तान जगतो की मरतो, एवढं तरी सांग," स्ट्रेचरवरून वसंता म्हणाला. कॉलेजपासून आम्ही सोबत पाहत आलेल्या अंतराळमालिकेचा नवा भाग आदल्या दिवशी आला होता आणि हा नेमका बायपाससाठी दाखल.

"न पाहिलेल्याला शेवट सांगायचा नाही, हा आपल्या चाहता मंडळाचा नियम तूच केलास."

"मी परत आलोच नाही तर?"

"तर तुझं नुकसान. असा भाग आजवर झाला नाही."

मला शिव्या देतच तो ऑपरेशनला गेला.

शुद्धीवर आल्यावर त्याने आधी मोबाइल मागून घेतला. अख्खा भाग यान दुरुस्तीला उभं होतं आणि कप्तान मेकॅनिकची वाट पाहत बसला होता.

"मोऱ्या, यासाठी परत आलो मी?"

"पुढचा जबरदस्त आहे म्हणे," मी मोसंबं सोलत म्हणालो. "गोळ्या वेळेवर घे."